आजानुबाहूंनी काय करावे?

ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो थोर पुरुष, असे आपल्याकडे मानतात. प्रभू रामचंद्र आजानुबाहू होते, हे सांगताना कीर्तनकारांचा आवाज आजही चढतो. पण रामचंद्रांना रथ होता. त्यांना रोड बाइक घ्यायची नव्हती, हे त्यांचे भाग्य. माझे हात गुडघ्यापर्यंत नाही, पण त्या दिशेने बरेच गेलेले आहेत. धड लांब, पाय आखूड आणि हात हे असे. लहानपणी माळ्यावरचे डबे काढायला हे हात घरात फार उपयोगी पडत. पुण्यातल्या सायकलच्या दुकानात मात्र ते पाहून लोक मान हलवतात.

माझी मागणी एवढीच आहे, की मला १४० मिलिमीटर लांबीचा स्टेम हवा. ज्यांना स्टेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हँडल आणि पुढचा चिमटा यांची गाठ घालून देणारा जो धातूचा तुकडा असतो, तो स्टेम. लग्नातल्या मध्यस्थासारखाच हा. दिसायला लहान, पण तो आखूड पडला की पुढचा सगळा संसार अवघडलेला. पाठीला पोक येते, कोपरे आणि गुडघे एकमेकांची चौकशी करू लागतात, आणि माणूस सायकल चालवतो आहे की सांडलेली साखर वेचतो आहे, हे लांबून कळत नाही. सायकलीबरोबर येतो तो ११० चा. म्हणजे भांडण सगळे तीस मिलिमीटरचे, जेमतेम सव्वा इंचाचे! या सव्वा इंचासाठी मी अख्खे पुणे पालथे घातले. उत्तर सगळीकडे एकच: "ऐंशी ते एकशेवीस. त्यापुढे चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? सायकल चालत नाही?"

"माल चालत नाही हो. कोणी मागतच नाही."

"मी मागतोय ना!"

"तुमच्याशिवाय कोणी मागत नाही."

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. पडून राहणारा माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे मला कोणी शिकवायला नको. पण 'मागत नाहीत म्हणून ठेवत नाही' हा हिशेब अर्धाच आहे. ठेवत नाही म्हणून मागत नाहीत, ही त्याची दुसरी बाजू, आणि ती कोणीच लिहीत नाही. एका बाजूची नोंद करून वही मिटणाऱ्या कारकुनाला आमच्या बँकेत दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभे राहावे लागते.

खरे दुखणे याहून जुने आहे. पूर्वी इटलीतले कारागीर सायकलची फ्रेम एकेक सेंटिमीटरच्या फरकाने बनवून देत. शिंप्याने माप घ्यावे तसे. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज या इंग्रज संशोधकाने जायंट कंपनीसाठी टीसीआर नावाची सायकल आखली. हा काही लुंगासुंगा माणूस नव्हे. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने ज्या लोटस सायकलवर सुवर्णपदक जिंकले, तिच्यामागे डोके याचेच. त्याने फ्रेमची वरची नळी उतरती केली, फ्रेम लहान केली आणि डझनभर मापांऐवजी लहान, मध्यम, मोठे अशा मोजक्या मापांत काम भागवले. उरलेले अंतर कशाने भरायचे? सीटची नळी वरखाली करून आणि स्टेम लांब-आखूड बदलून. विचार चोख होता. पण बाजाराने त्यातला अर्धाच उचलला. फ्रेमची मापे कमी केली, वाचलेले पैसे खिशात टाकले आणि मग हळूच स्टेमचीही मापे कमी केली. हे म्हणजे बँकेने शाखा बंद करताना "कोपऱ्यावर एटीएम आहे ना" म्हणावे आणि सहा महिन्यांनी एटीएमही उचलून न्यावे, तसे झाले.

यावर पुढची मजल म्हणजे हल्लीच्या महागड्या सायकली. त्यांत हँडल आणि स्टेम मिळून एकसंध कार्बनचा तुकडा, आणि ब्रेकच्या नळ्या त्याच्या पोटातून नेलेल्या. स्टेम बदलायचा तर सगळे हँडलच बदला. चष्म्याचा नंबर बदलला की नाकासकट बदला म्हणण्यातला हा प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, एवढे काय, सीट मागे सरकवा. सीट मागे गेली की गुडघा पेडलच्या मागे पडतो, आणि हातांचे ओझे गुडघ्यांनी का वाहावे? मोठी फ्रेम घ्या? ती उंचही असते, आणि माझे पाय आखूड आहेत हे मी वर लिहिलेच आहे. एका मित्राने वेल्डिंगवाल्याकडून जोड मारून घ्यायला सुचवले. सिंहगड उतरताना हँडल माझ्या हातात आणि सायकल दरीत, असे चित्र डोळ्यांपुढे आले, म्हणून त्या मित्राला चहा पाजून वाटेला लावले. जुन्या बाजारात एक लांबलचक स्टेम मिळालाही. पण तो जुन्या पद्धतीचा, चिमट्याच्या नळीच्या आत जाणारा. आताचे स्टेम नळीला बाहेरून मिठी मारतात. त्याची माझी पत्रिका जुळेना.

"लांब स्टेमने सायकल वळायला जड होते," असेही एकाने ऐकवले. थोडी संथ होते, कबूल. पण १९८०-९० च्या दशकांतल्या युरोपातल्या शर्यतींचे फोटो पाहा. उंच स्वारांच्या सायकलींना १३० आणि १४० चे स्टेम सर्रास दिसतात, आणि ती माणसे आल्प्सचे घाट उतरत होती. मला फक्त कात्रजचा उतरायचा आहे.

आणि "आमचे वडील चोवीस इंची काळ्या सायकलवर जन्मभर फिरले, त्यांनी कुठे स्टेम मोजला?" हा तर ठरलेलाच प्रश्न. अहो, त्या सायकलीचे हँडल स्वतःच वळून माणसाकडे येत होते! वडील ताठ बसून कचेरीत जात. कंबरेत वाकून शंभर किलोमीटर जाणाऱ्याला मात्र हँडलकडे आपणच जावे लागते.

परदेशात मोजक्या कंपन्या १४० चा स्टेम बनवतात. तो मागवावा, टपालखर्च आणि जकात भरावी, की होईल काम. माझे होईलही. पण ज्याने नुकतीच कर्ज काढून सायकल घेतली आहे, त्या लांब हातांच्या पोराने काय करावे? दोन महिन्यांत पाठ धरली की त्याला वाटणार, सायकल आपल्याला झेपत नाही. ती भिंतीला टेकणार आणि तिच्यावर टॉवेल वाळणार. त्याला कोणी सांगणारच नाही, की बाबा, खोट तुझ्यात नाही, सव्वा इंचात आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. सायकल विकतानाच माणसाला तिच्यावर बसवून पाहा आणि तिथल्या तिथे, त्याच किमतीत, त्याच्या मापाचा स्टेम बसवून द्या. कपाटात १३० चा एक आणि १४० चा एक पडून राहिला, तर दुकान बुडत नाही. चपलांचा दुकानदार अकरा नंबरच्या पायाला नऊ नंबर देऊन "पाय जरा सवयीने आखडेल" असे सांगत नाही. आम्ही बँकेतली माणसे तर गिऱ्हाइकाला छळण्याबद्दल नावाजलेली. "उद्या या" म्हणतो, "सही जुळत नाही" म्हणतो, "साहेब जेवायला गेलेत" म्हणतो. पण "हात कापून या" असे आमच्या काउंटरवरून अजून कोणी म्हटलेले नाही.