पंधरा मिनिटांत मॉरिशस

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, वाचनाची आवड असलेले, चार पैसे बाळगून असलेले व स्वभावाने अत्यंत सज्जन, नुकतेच सहकुटुंब मॉरिशस बेटास जाऊन आले आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत त्यांनी एक प्रवासलेख लिहून आमच्याकडे धाडला. लेखाचा बहुतेक भाग हेलिकॉप्टरातून केलेल्या पंधरा मिनिटांच्या आकाशविहाराने व्यापला असून ‘अशा रीतीने आम्ही अखंड मॉरिशस पाहिले’ या वाक्याने त्याची समाप्ती झाली आहे. भाषा शुद्ध आहे, उपमा ठिकठिकाणी पेरल्या आहेत; समुद्र पाचूचा आहे, वाळू मोत्यांची आहे आणि ऊस मखमलीचा आहे. तथापि हा लेख छापावा असे आम्हांस वाटले नाही; आणि का वाटले नाही, हे केवळ खाजगी पत्रात न कळविता त्यांच्या संमतीने येथे उघडपणे लिहीत आहोत. कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. वरून पाहिले म्हणजे सर्व पाहिले, ही समजूत आता आपल्या सुशिक्षित कुटुंबांत इतकी फैलावली आहे की तिच्याशी एकदा दोन हात करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. हे पाप आमच्याही हातून घडलेले आहे. त्याच बेटावर, विमानतळाजवळून उडणाऱ्या एका हेलिकॉप्टरात, कानांवर जाडजूड कर्णकवचे चढवून व चौघा अनोळखी प्रवाशांच्या कोपरांशी कोपर लावून आम्हीही बसलो होतो. यंत्र जमीन सोडते तो क्षण विलक्षण असतो. विमानाप्रमाणे धावाधाव नाही. काखेत हात घालून कोणी मूल उचलावे तसे आपण उचलले जातो. मग बेटाभोवतीच्या प्रवाळकड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसू लागते. रेघेच्या आत उथळ पाण्याचा फिकट हिरवा रंग, बाहेर एकाएकी काळसर निळा. भूगोलाच्या पुस्तकातील आकृती कोणी पाण्यावर काढून ठेवावी असा तो देखावा आहे. आम्हांस आनंद झाला नाही असे म्हणणे निव्वळ ढोंग ठरेल. आमचे भांडण त्या आनंदाशी नाही. ते ‘पाहिले’ या क्रियापदाशी, आणि त्याहून अधिक ‘अखंड’ या विशेषणाशी आहे. मूळ बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान. परंतु रत्नागिरी जिल्ह्याचा पाव भाग पंधरा मिनिटांत पाहून आलो असे कोणी सांगितले, तर हेच गृहस्थ त्याची थट्टा करतील.

या विहाराचा जो कळस मानला जातो त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी यंत्र समुद्राकडे वळते आणि वैमानिक ‘पाण्याखालील धबधबा’ दाखवितो. खाली पाहावे तो खरोखरच समुद्राच्या पोटात एक प्रचंड प्रपात कोसळत असल्यासारखे दिसते. वस्तुतः तेथे धबधबा नाही. प्रवाळकड्याच्या आतील वाळू व गाळ प्रवाहांच्या ओढीने खिंडीवाटे बाहेरच्या खोल पाण्याकडे जातात; त्यांचे पांढरे पट्टे आणि खोलीबरोबर गडद होत जाणारे पाणी यांच्या मिश्रणातून हा आभास उत्पन्न होतो. तो दिसतो तोही उंचीवरूनच. त्याच जागी होडीतून गेलेल्या कोळ्यास पाणी दिसते आणि पाण्याचा रंग दिसतो, धबधबा दिसत नाही. आमच्या स्नेह्यांनी यास ‘निसर्गाचा महान चमत्कार’ म्हटले आहे व त्यावर दीड पान खर्च केले आहे. जे खाली नाही ते वरून दिसले, याचे त्यांस इतके कौतुक वाटले. परंतु जे खाली आहे ते वरून दिसले नाही, हा या व्यवहाराचा दुसरा भाग त्यांच्या ध्यानात आला नाही.

तो दुसरा भाग तेथून हाकेच्या अंतरावर उभा आहे. ज्या टोकाशी हा आभास दिसतो त्याच टोकावर ल मॉर्न ब्राबां नावाचा ५५६ मीटर उंचीचा, सरळ तुटलेल्या कड्यांचा डोंगर आहे. फ्रेंच व त्यांच्या मागून आलेल्या इंग्रज अमदानीत मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत व माथ्यावर लपून राहत. बेटावरील गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. लोकपरंपरा अशी की ही वार्ता सांगण्यासाठी सरकारी माणसे डोंगर चढू लागली, तेव्हा आपणांस धरून नेण्यास ती आली आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा तोंडी चालत आलेली आहे. तीतील प्रत्येक गोष्ट दप्तरात सापडलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. परंतु जी जात आपल्या पूर्वजांविषयी अशी आठवण दोनशे वर्षे जवळ बाळगते, तिने काय सोसले असेल हे समजण्यास दप्तराची गरज नाही. युनेस्कोने २००८ साली या डोंगरास जागतिक वारसा ठरविले ते त्याच्या सौंदर्यासाठी नव्हे, या आठवणीसाठी. आमच्या फेरीत वैमानिकाने डोंगराचे नाव घेतले, उंची सांगितली, आणि उजव्या बाजूच्या मंडळींस छायाचित्रे घेता यावीत म्हणून यंत्र एकवार फिरविले. वैमानिकास आम्ही बोल लावीत नाही. त्याच्या हातात मिनिटे मोजलेली असतात. परंतु आमचे स्नेही घरी येऊन आठ दिवस लिहीत होते, आणि त्यांच्या लेखात डोंगरास एक अर्धे वाक्य मिळाले आहे: ‘पार्श्वभूमीस एक भव्य पहाड शोभा देत होता.’

आता उसाकडे वळू. त्या बेटावरील लागवडीच्या जमिनीचा फार मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या उसाखाली राहिला आहे, आणि वरून तो खरोखर मखमलीसारखाच दिसतो. या मखमलीत जागोजाग काळे ठिपके दिसतात. आमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी ते काय आहे असे विचारले. तोच पुढचे वळण आले आणि प्रश्न मागे राहिला. ते ठिपके म्हणजे दगडांचे ढीग होत. बेट ज्वालामुखीतून निर्माण झालेले. जमीन काळ्या खडकाने भरलेली. ऊस लावावयाचा तर आधी दगड वेचले पाहिजेत. प्रथम गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून नेलेल्या करारबंद मजुरांनी ते हातांनी वेचले, डोक्यावरून वाहिले, आणि शेतातच रचून ठेवले. पुढे यंत्रे आली व पुष्कळसे ढीग हलविले गेले. तरी कित्येक अद्याप उभे आहेत. विमानतळानजीक प्लेन माग्नियें येथील अशाच काही पायऱ्यापायऱ्यांच्या ढिगांस प्राचीन काळच्या कोण्या अज्ञात संस्कृतीचे पिरॅमिड ठरविणारे हौशी संशोधकही निघाले आहेत! माणसाचे मन मोठे विचित्र आहे. अज्ञात संस्कृतीस ते एवढे मोठे श्रेय देण्यास सिद्ध असते, पण ज्याचे नाव, वय, गाव व उंची सरकारी वहीत नोंदलेली आहे त्या कुलीस देण्यास सिद्ध नसते. आमच्या स्नेह्यांनी लेखाबरोबर पाठविलेल्या छायाचित्रांपैकी एकात हे ढीग चुकून आले आहेत, व खाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिले आहे: ‘एखाद्या जुन्या देवालयाचे अवशेष?’

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरास लागले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने गेली. त्यांत मुंबई बंदरातून चढलेली कोकणातील व देशावरील मराठी माणसेही होती. करार पाच वर्षांचा, वेतन महिना पाच रुपये. आणि एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांचे वेतन कापावयाचे, अशी वहिवाट. १८६७च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरासही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसला की पोलिसांचा हात खांद्यावर. ही जुनी छायाचित्रे व नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. आम्ही त्यांपैकी काही पाहिली. त्यांत पार्श्वभूमी नाही, शोभा नाही. एक माणूस सरळ आपल्याकडे पाहत असतो. या बेटावर आमच्या माणसांची जी पहिली छायाचित्रे घेतली गेली ती त्यांस जमिनीशी जखडून ठेवण्यासाठी. आणि दीडशे वर्षांनी आम्हीच तेथे जाऊन जी घेतो त्यांत माणूसच नसतो. हा योगायोग आमच्या स्नेह्यांस हसून सोडून देता येईल, आम्हांस तो सोडून देता आला नाही.

त्यांच्या लेखात आणखी एक वाक्य आहे: ‘या परमुलखात कोणी मराठी माणूस मात्र आढळला नाही.’ आकाशात कसा आढळावा? तो खाली आहे. आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव त्याचे आडनाव होऊन बसले आहे, घरी तो बहुधा क्रिओल बोलतो, मराठी शाळेत शिकतो, आणि गणेशचतुर्थीस त्याच्या देशात सरकारी सुट्टी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचली जाते. ज्या हॉटेलात आमच्या स्नेह्यांचा मुक्काम होता तेथे त्यांचा चहा कोणी आणून दिला, हे त्यांनी विचारले असते तर कदाचित त्या वाक्याची शाई वाचली असती.

यावर जे आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. चार दिवस विश्रांतीस गेलेल्या माणसास इतिहासाची शिक्षा कशाला, असे विचारले जाईल. विश्रांती घेणाऱ्यावर आमचा काडीमात्र राग नाही. त्याने वाळूत खुशाल लोळावे. फक्त परत येऊन देश पाहिल्याचे प्रमाणपत्र स्वतःस देऊ नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्यांचे गुडघे गेले आहेत अशा वृद्धांनी ल मॉर्न चढावा काय? मुळीच नाही. त्यांच्यासाठी हे यंत्र उपकारकच आहे, आणि त्यांस तो आनंद जरूर मिळावा. परंतु पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर, जेथे हे मजूर बोटीतून उतरून प्रथम पाऊल टाकीत, त्या दगडी पायऱ्या केवळ सोळा आहेत. आमच्या स्नेह्यांचे वय पंचेचाळीस आहे व ते रोज सकाळी टेकडी चढतात. राहता राहिला पैशाचा मुद्दा: पर्यटकाच्या खर्चावर बेटातील पुष्कळांची पोटे चालतात, हे सर्वस्वी खरे आहे. पण तो खर्च बसच्या तिकिटावर व गावातल्या खानावळीत झाला तरी पोटे चालतीलच. आणि किनाऱ्यावरील खेड्यात आम्ही एक दुपार काढली तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या त्या घरघरीने बोलणे पुनःपुन्हा थांबत होते, हेही नमूद केले पाहिजे.

उंचीवरून पाहणे म्हणजे सर्वथा खोटे पाहणे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे मोठे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेयेस प्वांत देस्नीजवळ प्रवाळावर चढले, आणि ऑगस्टच्या आरंभी त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. त्या पाचूच्या पाण्यावर पसरलेला काळा डाग जगाने पाहिला तो आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांमुळेच; किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास त्याचा संपूर्ण आकार कधीच कळला नसता. परंतु पुढे काय झाले? हजारो लोक पाण्याकाठी धावले. उसाचे पाचट जाळ्यांत व कापडात भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले, केस कापून दिले, आणि गुडघाभर तेलात उभे राहून ते बांध ओढले. ज्या पिकासाठी त्यांच्या पणजोबांनी दगड वेचले त्याच पिकाच्या पाचटाने नातवंडांनी समुद्र अडविला. त्या दिवसांत वरून घेतलेले चित्र पाहून लोक खाली उतरले. आमच्या स्नेह्यांचे यंत्रही खाली उतरले. पण ते उतरले तेथून मोटार थेट हॉटेलात गेली.

लेख आम्ही त्यांच्याकडे परत पाठविला आहे. पाचू, मोती व मखमल यांस आम्ही हात लावलेला नाही. ते अलंकार त्यांनी हवे तर ठेवावेत. ढिगांचे ते एक छायाचित्र मात्र आम्ही ठेवून घेतले आहे. येत्या दिवाळीत ते पुन्हा त्याच बेटास जाणार आहेत असे कळते. त्या छायाचित्राखालील प्रश्नचिन्हाचे उत्तर तेथल्या उसाच्या शेतात उभे राहून, कोणा माणसास विचारून, त्यांनी लिहून आणावे. त्यासाठी आम्ही जानेवारीच्या अंकात चार पाने राखून ठेवीत आहोत.