तीर्थाटन : वत्सगुल्म

आमच्या सोनाळ्याची मंडळी यात्रेस निघाली म्हणजे बहुधा शेगावास श्रीगजाननमहाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन माघारी फिरतात. त्यांनी एकवार वाशीमपर्यंत जावे. शेगावाहून आगगाडीने अकोल्यास येऊन तेथे पूर्णेच्या मार्गावरील गाडी धरावी. भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधविलेले बालाजीचे देवालय व पद्मतीर्थ सर्वश्रुतच आहेत.

परंतु हेच नगर म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, हे तेथे स्नान करणाऱ्या किती जणांस ठाऊक असते? राजशेखराने काव्यमीमांसेत त्याचा उल्लेख केला आहे. तथापि या राजशाखेचा खरा पत्ता लागला तो १९३९ साली, वाशीमच्याच ताम्रपटावरून. द्वितीय विंध्यशक्तीने आपल्या ३७ व्या राज्यवर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांस दिलेले हे ग्रामदान. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. दरबारी भाषा पालटत असल्याची ही खूण मला तरी मोठी मौजेची वाटते. हे पत्रे इतकी शतके तांबटाच्या मुशीत पडले नाहीत, हे विदर्भाचे भाग्यच! आजही तांब्याची मोड वजनावर विकण्याची घाई घरोघर असते. तीत अक्षरे कोरलेला पत्रा आढळल्यास तो आधी पुरातत्त्व खात्यास दाखवावा.