घर्षणांकाच्या तक्त्यात तापमानाचा रकाना कुठे आहे?

३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवर रात्रीची मोटारशर्यत झाली. तिरुवल्लिकेणीतील आमच्या गच्चीवर इंजिनांचा आवाज पोहोचत होता. शेजारच्या अकरावीतील मुलाने विचारले, "अण्णा, शर्यतीआधी हे लोक गाडी नागमोडी का चालवतात?" मी म्हटले, "टायर तापवायला." त्याचा पुढचा प्रश्न अधिक नेमका होता: "पण तापलेले रबर मऊ होऊन घसरणार नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पाठ्यपुस्तकात नाही. तेथे अजून आमोंताँ (१६९९) आणि कूलॉम (१७८५) यांचेच राज्य आहे: घर्षणबल भाराच्या प्रमाणात असते आणि सरकण्याच्या वेगाशी त्याचा फारसा संबंध नसतो. लाकडी ठोकळ्यापुरते ते चालून जाते. रबराला मात्र हा नियम मान्य नाही.

खडबडीत रस्त्यावरून रबर सरकते तेव्हा खडीचे प्रत्येक टोक त्याला दाबते आणि सोडते. दाबताना मिळालेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही. उरलेली उष्णतेत जाते. ही तूट म्हणजेच रबराच्या घर्षणाचा मोठा हिस्सा. रबर रस्त्याला धरून ठेवते त्याच क्रियेत ते तापतही असते.

के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये दाखवले की वेग वाढवत नेला की रबराचे घर्षण आधी वाढते, शिखर गाठते आणि मग उतरते. तापमान वाढवले की हे शिखर अधिक वेगाच्या दिशेने सरकते. आता त्या मुलाचे कोडे सुटते. शर्यतीच्या टायरचे थंड रबर ताठर असते, शिखराच्या पलीकडल्या उतारावर; ते तापवले की शिखर त्याच्याजवळ येते आणि पकड वाढते. रोजच्या वाहनाचे रबर बहुधा अलीकडल्या उतारावर असते. ते तापले की शिखर दूर जाते आणि पकड घटते. शंका आणि उत्तर, दोन्ही बरोबर होती.

ग्रॉश यांनी आपले प्रयोग मुद्दाम अतिशय संथ वेगाने केले, कारण वेग वाढला की घर्षणाची उष्णता मोजमापातच ढवळाढवळ करते. २००६ मध्ये जर्मनीतील युलिश येथील बो पेर्सन यांनी या क्षणिक तापमानाचा सिद्धान्त मांडला. साधा हिशेब करू. ०.१ मिलिमीटरचा स्पर्शबिंदू सेकंदाला १ मीटर वेगाने सरकला, तर स्पर्श सेकंदाचा दहा हजारावा भाग टिकतो. तेवढ्या अवधीत उष्णता रबरात जेमतेम ३ मायक्रोमीटर शिरते. ती तिथेच कोंडते. टायरला लावलेला तापमापक काहीही सांगो, रस्त्याला भिडणारा बिंदू त्याहून कितीतरी गरम असू शकतो. प्लास्टिकचीही हीच अडचण. नायलॉनच्या बुशसाठी दाब आणि वेग यांच्या गुणाकाराची मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि पृष्ठभाग मऊ होऊन वितळू लागतो.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, आवाज आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांच्यासाठी मर्यादा अधिसूचित केल्या. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु मे महिन्याच्या दुपारी ५० अंशांपुढे तापलेल्या कोरड्या डांबरावर तोच टायर कसा वागेल, हे ओल्या रस्त्यावरचा आकडा सांगत नाही. माझे मत स्पष्ट आहे: वेग आणि तापमान यांच्याविना दिलेला रबराचा घर्षणांक अपुरा आहे, मग तो जाहिरातीत असो, बातमीत असो वा शोधनिबंधात.

सुरुवात शाळेपासून करता येईल. ठोकळ्याच्या तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. तोच ठोकळा त्याच फरशीवर एकदा सकाळी आणि एकदा भर उन्हात तानकाट्याने ओढा. एकदा सावकाश, एकदा वेगाने. नोंदवहीत दोन रकाने वाढवा. आकडे जुळले नाहीत, तर ते खोडू नका.