भेटीनंतर काय?

हिंडलग्याहून कॉलेजला येताना बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मोबाईलवर एक प्रेमकथा वाचायची. रोज एक भाग. कधीकधी स्टॉप आला तरी तिची मान वर व्हायची नाही. गेल्या महिन्यात तिनं ती कथा अर्धवट सोडली. "का गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एकोणचाळिसाव्या भागात झालं की सगळं! आता काय उरलंय त्यात?"

'झालं सगळं' म्हणजे काय, ते तुम्हाला कळलंच असेल.

मला हसू आलं, पण थोडं लागलंही. कारण सुट्टीत मी लिहिलेल्या कथेचं नेमकं हेच झालं होतं. माझे नायक-नायिका पहिल्या पानावर एकमेकांना आवडतात आणि शेवटच्या पानावर भेटतात. मधली पानं भरायला मी तीन गैरसमज, एक बिघडलेला फोन आणि एक विनाकारण दुष्ट आत्या घातली होती. माझ्या भावानं वाचून एवढंच सांगितलं, "ही दोघं पाच मिनिटं नीट बोलली असती, तर तुझी कथा दुसऱ्या पानावरच संपली असती."

प्रेमकथेत वाचकाला धरून ठेवायचं म्हणजे भेट लांबवायची, असा आपला समज असतो. मग शारीरिक जवळीक हे लांबवण्याचं बक्षीस ठरतं. बक्षीस मिळालं की खेळ खलास. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' हे लेखनतंत्रावरचं पुस्तक लिहिलं १९३१ साली. तेव्हापासून आपण गुंतागुंत आणि उत्कंठा हे शब्द वापरतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की गुंता बाहेरून आणून टाकलेला असेल, तर तो सुटल्यावर हातात काही राहत नाही.

रणजित देसाई आपल्या जवळचेच, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. त्यांची 'स्वामी' १९६२ साली आली. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयानं गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. शेवट माहीत आहे. ती दोघं एकमेकांची होणार की नाही हा प्रश्नच नाही, कारण ती नवरा-बायकोच आहेत. लेखकानं लांबवायला काही ठेवलेलंच नाही. तरी आपण वाचतो, कारण त्या दोघांच्या वाट्याला आलेला वेळ मोहिमांत, काकांच्या कारस्थानांत आणि मग आजारात संपत चाललेला असतो. त्यांचं साधं बोलणं चाललं असलं तरी आपल्याला मागं घड्याळ ऐकू येतं.

दुसरं उदाहरण माझ्या घरातल्या बायबलमधलं. २२ जुलैला, मरिया माग्दालेनेच्या सणाला, मिस्सामध्ये 'गीतरत्न' या पुस्तकातला एक उतारा वाचला जातो. एक स्त्री रात्री अंथरुणावरून उठते, प्रियकराला शोधत शहरभर फिरते, पहारेकऱ्यांना विचारते, आणि तो तिला सापडतो. मला वाटायचं, गोष्ट संपली. घरी येऊन पुढं वाचलं. हे सगळं तिसऱ्या अध्यायात आहे आणि अध्याय आहेत आठ! पाचव्यात तो रात्री तिच्या दारावर येतो. ती मनातल्या मनात म्हणते, कपडे उतरवलेत, पाय धुतलेत, आता कुठं उठू? मग उठते, दार उघडते, तर तो निघून गेलेला. पुन्हा शोध. या वेळी पहारेकरी तिला मारतात.

या गोष्टीत दुष्ट आत्या नाही, गैरसमज नाही. एका क्षणाचा आळस किंवा संकोच आहे, तोही तिचा स्वतःचा. अडथळा माणसाच्या आतून आला की भेट होऊनही ताण संपत नाही. शिवाय हे पुस्तक शरीराबद्दल बोलायला अजिबात लाजत नाही. केस, ओठ, मान, स्तन, सगळ्यांचं वर्णन आहे, आणि ते पवित्र शास्त्रात आहे. त्यामुळे 'असलं' लिहिणं आपल्याला शोभत नाही असं मंडळाच्या बैठकीत कुणी म्हटलं, की मला गीतरत्नच आठवतं.

पण वर्णन आलं म्हणजे कथा आली, असंही नाही. 'स्वामी' आली त्याच वर्षी 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये सोडलं. काही ओळी वेगळ्या काढून नव्हे, तर सगळी कथा वाचून ठरवायचं, ही न्यायालयाची दृष्टी होती. कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण लिहिणाऱ्यानं ही कसोटी स्वतःला लावावी. हा प्रसंग संपूर्ण कथेत काय करतो? तो काढला तर पुढचं काही अडतं का?

आपल्याकडे बरेच लेखक अशा वेळी दिवा मालवतात. माझी हरकत नाही. पण सकाळी उठल्यावर ती दोघं कालच्यासारखीच असतील, तर दिवा मालवला काय आणि चालू ठेवला काय, सारखंच. जवळीक झाल्यावर माणसाकडं गमावण्यासारखं काहीतरी जास्त होतं. कालपर्यंत सहज बोलता येत होतं, ते आज बोलता येत नाही. ताण तिथून सुरू व्हायला पाहिजे.

मी माझी कथा पुन्हा लिहिली. आत्याला काढून टाकलं. फोन दुरुस्त केला. आता मुलीला पुण्यात नोकरी लागली आहे आणि तिनं त्याला ते अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्याच पानावर, राकसकोपच्या रस्त्यावर, गाडी बाजूला लावून ती दोघं एकमेकांचं चुंबन घेतात. त्याच्या आधी सांगितलं असतं, तर ती नुसती बातमी झाली असती. आता सांगितलं तर त्याला वाटणार, ही जाणार होती तर मग हे कशाला? उरलेली सात पानं ती सांगायचा प्रयत्न करते.

कथा चांगली झाली की नाही, देव जाणे. बसमध्ये मैत्रिणीला पाच पानं वाचायला दिली. चुंबनाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. उतरताना तिनं विचारलं, "मग? सांगितलं का तिनं?"