बंडखोरांचा गौरव झाला. त्यांच्या अंकांचे काय?

मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोनच गोष्टींपाशी थांबते : त्या लेखकांची बेमुर्वत भाषा आणि १९६९ साली झालेली ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी. या गोष्टी घडल्या हे खरे. तथापि तो त्या बंडाचा आवाज होता, आशय नव्हे.

आशय होता तो साहित्यव्यवहाराच्या मालकीचा. काय छापण्याजोगे आहे, याचा निवाडा मोजक्या प्रतिष्ठित संपादकांच्या हाती एकवटला असताना पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ने, आणि साठीच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’ आदी अनियतकालिकांनी तो निवाडाच नाकारला. पदरमोड करून, प्रसंगी सायक्लोस्टाइलवर काढलेल्या या अंकांना ना जाहिरातदार होते, ना आश्रयदाते. ज्यांचा पगार बेताचा, परंतु ज्यांची लेखणी कोणाची मिंधी नाही, अशा तरुणांचे हे बंड होते.

या बंडाचा एक धागा थेट मालवण तालुक्यातील काळसे गावापर्यंत पोहोचतो. १९४३ साली तेथे जन्मलेले सतीश काळसेकर मुंबईत बँकेतील नोकरी सांभाळून या चळवळीत उभे राहिले. राजा ढाले, तुळसी परब, वसंत दत्तात्रेय गुर्जर हे त्यांचे सहप्रवासी. ‘इंद्रियोपनिषद’ (१९७१), ‘साक्षात’ आणि ‘विलंबित’ हे त्यांचे कवितासंग्रह. परंतु २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या गद्यग्रंथासाठी. इतरांचे लिहिणे आस्थेने वाचणे आणि ते दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे, हाही या बंडाचाच उत्तरार्ध होता. २०२१ साली काळसेकर निवर्तले.

बंडखोर अखेर प्रस्थापित झाले, असा आक्षेप यावर घेतला जातो. नामदेव ढसाळ यांना १९९९ साली पद्मश्री, अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ला अकादमी पुरस्कार, भालचंद्र नेमाडे यांना ज्ञानपीठ, ही उदाहरणेही दिली जातात. आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. परंतु लेखक जितके बदलले, त्याहून अधिक वाङ्मयीन अभिरुचीला बदलावे लागले. शिवाय हा स्वीकार सरसकट नव्हता. गुर्जर यांच्या १९८३ च्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील अश्लीलतेच्या आरोपाचे प्रकरण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात गाजत होते, हे विसरून चालणार नाही.

खरी चिंता निराळीच आहे. ग्रंथ पुनर्मुद्रित होतात, पारितोषिके चरित्रकोशात नोंदली जातात. ज्या अंकांतून हे सारे उगवले, ते हलक्या कागदावरचे अंक मात्र वाळवीच्या आणि रद्दीच्या हवाली होतात. कोकणच्या दमट हवेत तर कागदाचे आयुष्य आणखी तोकडे. ते अंक नष्ट झाले की पुढच्या पिढीस या चळवळीच्या दंतकथा तेवढ्या उरतील, पुरावा उरणार नाही.

सिंधुदुर्गात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. सावंतवाडीहून ‘नवाक्षर दर्शन’सारखे नियतकालिक काढणारे प्रवीण बांदेकर यांच्या कादंबरीला २०२२ चा अकादमी पुरस्कार लाभला, म्हणजे लहान गावातून स्वतःच्या हिमतीवर अंक काढण्याची ती वृत्ती या मातीत जिवंत आहे. तेव्हा जिल्ह्यातील एखाद्या तरी वाचनालयाने या अनियतकालिकांसाठी एक कपाट राखून ठेवावे, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांची सूची करावी, आणि मुंबईकर चाकरमान्यांनी माळ्यावरची जुनी गाठोडी रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा सोडून पाहावीत. यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांनी ते अंक काढले, त्यांनीही ती पाहिली नव्हती.