चावडीवरून : जू कुणाच्या खांद्यावर?



क्रिकेटचा संघ जाहीर झाला की आपल्याकडे गावोगावच्या पारावर निवड समित्या बसतात. अमक्याला का घेतला, तमक्याला का वगळला, यावर चहाचे कप रिकामे होतात. फुटबॉलच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. याला अपवाद कोल्हापूरचा. तिथे तालमींच्या संघांवरून पेठापेठांत जी ईर्षा चालते, ती पाहण्यासारखी असते. पण २०२५ च्या मार्चमध्ये भारताच्या फुटबॉल संघाची एक निवड अशी झाली, की ज्यांनी कधी फुटबॉलला पाय लावला नाही त्यांनाही तिच्यावर दोन शब्द बोलावेसे वाटले. जाणत्या बैलाने मान मोकळी करून घेतल्यावर पुन्हा त्याच्याच मानेवर जू द्यावे काय, असा तो सवाल होता. हा सवाल आपल्या ओसरीवरही उठतो, म्हणून आज त्याच्याविषयी बोलू.

सुनील छेत्री हे नाव तुम्ही ऐकले असेल. १२ जून २००५ रोजी पाकिस्तानात क्वेट्टा येथे तो भारताकडून पहिला सामना खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तिथून पुढे एकोणीस वर्षे भारताच्या आघाडीचा भार त्याने वाहिला. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो शेवटचा म्हणून मैदानात उतरला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. १५१ सामने आणि ९४ गोल एवढा हिशेब मांडून त्याने निरोप घेतला. त्या दिवशी देशासाठी त्याच्याहून अधिक गोल केलेले जगात तिघेच होते : पोर्तुगालचा रोनाल्डो, अर्जेंटिनाचा मेस्सी आणि इराणचा अली दाई. अशा माणसाने एकोणचाळिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, तर त्यात वावगे काही नव्हते.

पण घरातला कर्ता उठून गेला, की घराची खरी स्थिती कळते. छेत्री गेल्यानंतर २०२४ साली भारत आणखी पाच सामने खेळला. पाचांत मिळून गोल तीन, आणि विजय एकही नाही. त्या तिनांतला एक गोल बगलेला खेळणाऱ्या मिझोरमच्या छांगतेचा, एक फारुख चौधरीचा आणि एक तर बचावफळीतल्या राहुल भेकेचा. तसे पाहिले तर ते सबंध वर्षच कोरडे गेले होते. अकरा सामने झाले, त्यांत विजय शून्य आणि गोल चार. त्या चारांतला एक छेत्रीचाच होता.

अशा वेळी २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी तोंडावर आली. गटात भारत, बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर असे चार संघ, आणि पुढे जाणार फक्त एक. त्या वेळचे प्रशिक्षक स्पेनचे मानोलो मार्केझ यांनी २०२५ च्या मार्चमध्ये छेत्रीला परत बोलावले. वय चाळीस वर्षे सात महिने. तो आला. मग वादाला तोंड फुटले.

दोन्ही बाजू नीट ऐकून घेऊ. पंचाने दोघांचे ऐकल्याशिवाय निवाडा देऊ नये.

पहिली बाजू म्हणे, देशाच्या संघात जागा वयावर मिळत नसते, कामावर मिळते. त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? चाळिशीतला छेत्रीच. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर चौदा गोल होते आणि त्याच्या मागचा भारतीय पुष्कळ मागे होता. मग त्याला का घ्यायचे नाही? खेळाडू घडवणे हे क्लबांचे काम. देशाच्या प्रशिक्षकाकडे खेळाडू येतात ते आठ-दहा दिवसांसाठी. त्याने त्या दिवशी हाताशी असलेल्यांतले उत्तम अकरा उतरवायचे आणि सामना जिंकायचा. मळणीच्या दिवशी कोणी रोपे लावायला बसत नाही.

दुसरी बाजू म्हणे, हे सगळे खरे, पण उद्याचे काय? प्रत्येक अडचणीला जुन्याच माणसाला हाक मारायची, तर नवा पोर कधी शिकणार? ज्याला ठाऊक आहे, की आपल्या हातून दोन सामने चुकले तर जुने माणूस परत येणार आहे, तो पोर धिटाईने चेंडू मारील काय? आणि जुन्याचे पाय कितीही जाणते असले, तरी नव्वद मिनिटे धावण्याची त्यांची ताकद विशीतली राहत नाही. शिवाय ज्याला वाजतगाजत निरोप दिला, त्याला नऊ महिन्यांत परत आणणे म्हणजे आपल्या कोठारात दुसरे काही नाही अशी दवंडी पिटण्यासारखेच आहे.

आता निकाल पाहू. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना झाला. भारताने तो तीन-शून्य असा जिंकला. सोळा महिन्यांनी आलेला तो पहिला विजय. तिसरा गोल छेत्रीचा, त्याचा पंचाण्णवावा. पहिल्या बाजूने मिशीवर ताव दिला. पण खरी पात्रता फेरी सुरू झाली आणि रंग बदलला. २५ मार्चला त्याच शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी. १० जूनला हाँगकाँगमध्ये अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हार. मार्केझ गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. त्यांनी आधी छेत्रीविना एक स्पर्धा खेळून पाहिली. मध्य आशियातल्या त्या स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला हरवले, ओमानला पेनल्टींवर नमवले आणि तिसरा क्रमांक मिळवला. तरीही ऑक्टोबरच्या सामन्यांसाठी छेत्रीला पुन्हा बोलावणे गेलेच. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात एक-एक अशी बरोबरी झाली. आणि १४ ऑक्टोबरला आपल्या शेजारच्या गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरने भारताला दोन-एक असे हरवले. २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन आशियाई चषकांना गेलेल्या भारताचा २०२७ चा रस्ता तिथे बंद झाला. नोव्हेंबरात छेत्रीने दुसऱ्यांदा निरोप घेतला. त्यानंतर त्याच महिन्यात त्याच्याविना खेळलेला संघ ढाक्यात बांगलादेशकडून एका गोलने हरला. बांगलादेशने भारताला हरवले ते २००३ नंतर प्रथमच.

म्हणजे बघा, जुन्याला घेतले तरी हरलो आणि वगळले तरी हरलो. यावरून आम्हांला एवढेच दिसते, की भांडण चुकीच्या जागी चालले होते. संघाची यादी ज्या दिवशी जाहीर होते त्या दिवशी ती ठरत नसते. ती आठ-दहा वर्षे आधी ठरलेली असते.

आठवा २००८ सालचा १३ ऑगस्ट. दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर एएफसी चॅलेंज चषकाचा अंतिम सामना होता. भारताने ताजिकिस्तानला चार-एक असे हरवले. त्या चार गोलांपैकी तीन चोवीस वर्षांच्या छेत्रीचे आणि एक एकतीस वर्षांच्या बायचुंग भुतियाचा. या विजयामुळे भारताला २०११ च्या आशियाई चषकात जागा मिळाली. १९८४ नंतर सत्तावीस वर्षांनी मिळालेली ती जागा होती. भुतिया त्या काळी भारताचा सर्वांत मोठा खेळाडू. छेत्री त्याच्या शेजारी उभा राहून शिकला. २०११ साली भुतियाने निरोप घेतला, तेव्हा आता पुढे कोण, असे कोणाला विचारावे लागले नाही.

आपण शेतकरी याहून वेगळे काय करतो? नवा गोऱ्हा कामाला लावायचा, तर त्याला एकट्याला कोणी नांगराला जुंपत नाही. दोन नवे गोऱ्हेही एका जुवाखाली देत नाही. दोघे मिळून नांगर बांधावर नेतील. जाणत्या बैलाच्या जोडीला नवा जुंपायचा, आधी हलक्या कामाला, मग कुळवाला, मग नांगराला. तास कुठे सरळ धरायचे, बांधाशी कसे वळायचे, हे जाणता बैल शेजाऱ्याला चालता चालता शिकवतो. पण हे शिकवणे जाणत्याच्या अंगात ताकद असेपर्यंतच होते. तो बसल्यावर त्याच्या शेजारी नवा उभा करून उपयोग नाही.

मग छेत्रीच्या शेजारी कोणी का उभा राहिला नाही? त्याचे एक मोठे कारण क्लबांच्या मैदानावर आहे. सुपर लीग सुरू झाली २०१४ साली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत अकरा हंगाम झाले. प्रत्येक हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला सोनेरी बूट देतात. अकरा हंगामांत एकदाही तो भारतीयाच्या पायी आला नाही. यात परदेशी खेळाडूंना दोष देण्याचे कारण नाही, ते गुणावर मिळवतात. पण क्लबाचा हिशेब कसा चालतो ते पाहा. २०१७ ते २०२१ या काळात एका संघाला एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. २०२१-२२ पासून ते चारांवर आणले. मालकाने मोठी रक्कम मोजून परदेशी खेळाडू आणला, की तो त्याला कुठे उभा करणार? गोलाच्या तोंडाशीच. कारण सामने तिथे जिंकले जातात. भारतीय पोराच्या वाट्याला उरते ती बगल, नाही तर राखीव खेळाडूंचे बाकडे. खुद्द छेत्रीलाही बेंगळुरूच्या संघात मधली जागा परदेशी खेळाडूला सोडून डाव्या बगलेला खेळावे लागले होते. ज्या जागेवर आठवड्याला कोणी उभे राहू देत नाही, त्या जागेवर देशासाठी एके दिवशी उभे राहून गोल मार म्हटले, तर पोराने तो कुठून आणावा? रोपवाटिकेत ज्या वाफ्याला पाणीच सोडले नाही, त्या वाफ्यात लावणीच्या दिवशी रोपे शोधण्यातला हा प्रकार आहे.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. त्या भारतीय संघाच्या आघाडीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि बंगालचा रहीम अली होता. पोरे सतरा वर्षांची असताना जगासमोर उभी राहिली. आठ वर्षांनी सिंगापुरात दहा खेळाडूंनिशी झुंजणाऱ्या भारताला नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधून दिली ती याच रहीम अलीने. म्हणजे बियाणे वांझ नव्हते. त्याला ऊन-पाणी किती मिळाले, हा प्रश्न विचारायचा.

कोठार भरलेले असले, म्हणजे निवड कशी करता येते याचाही दाखला आहे. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम भारताचे प्रशिक्षक होते. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम असे आघाडीचे तीन मोहरे त्यांच्याकडे होते. स्पर्धेत बचावफळीतला जर्नेल सिंग डोक्याला लागून जखमी झाला, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला मागे न ठेवता आघाडीला उभा केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल बॅनर्जींनी केला आणि दुसरा डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलने. भारताने दोन-एकने सुवर्णपदक जिंकले. असा धाडसी डाव टाकता येतो, तो मागे भरवशाची माणसे उभी असली तरच.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. साठी-पासष्टी उलटलेले आबा अजून एकट्याने कारभार पाहतात. आडत्याकडे पट्टी तेच आणतात, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही त्यांची, पाणीपाळीचे भांडण तेच मिटवतात. पस्तिशीतला लेक ट्रॅक्टर चालवतो आणि सांगितलेले ऐकतो. एके दिवशी आबा अंथरूण धरतात. मग कळते, की कोणत्या आडत्याकडे किती येणे आहे हे लेकाला ठाऊकच नाही. लोक म्हणतात, पोरगा नालायक निघाला. दोन महिन्यांनी आबा काठी टेकत पुन्हा बाजाराला निघतात, आणि लोक म्हणतात, आबा आहेत म्हणून घर आहे. दोन्ही बोलणी अपुरी आहेत. आबा धडधाकट होते तेव्हा लेकाला शेजारी बसवून एक हंगाम तरी हिशेब त्याच्या हाती द्यायला हवा होता. चुकला असता तर आबा होतेच की सावरायला! माजघरातही हेच. कोणत्या गाडग्यात कोणते बी, ते राखेत ठेवायचे की निंबाच्या पाल्यात, हे सासूबाईंनी हातपाय चालत असताना सुनेला दाखवले, तरच ते घरात टिकते.

म्हणून छेत्रीला बोलावणाऱ्या प्रशिक्षकाला आम्ही दोष देत नाही. पाऊस तोंडावर आला आणि गोठ्यात एकच कामाचा बैल असला, तर धनी त्यालाच सोडणार. छेत्रीलाही दोष नाही. हाक आली आणि तो चाळिशीत उठून आला, याला मन मोठे लागते. दोष त्या वर्षांचा, ज्या वर्षांत त्याच्या मानेत जोर होता आणि त्याच्या शेजारची जागा कोणी भरली नाही. यापुढे यादी जाहीर झाली की नावांवर जरूर भांडा. पण त्याआधी क्लबांना विचारा, की या हंगामात गोलाच्या तोंडाशी किती भारतीय पोरांना किती मिनिटे उभे केले?

आणि हा प्रश्न दिल्ली-कोलकात्यापुरता ठेवू नका. तुमच्या शाळेचा, गावाचा संघ तालुक्याला जातो, मग खेळ कबड्डीचा असो, खो-खोचा असो वा फुटबॉलचा. दरवर्षी तेच चारजण खेळतात आणि ढाल गावात येते. ढालीचे कौतुक आहेच. पण त्या चौघांच्या शेजारी यंदा नवे कोण उभे होते, तेही एकदा मोजा, आणि आम्हांला कळवा.