थर्ड पार्टी म्हणजे पुरा विमा नव्हे

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीसाठी या विम्याचा वार्षिक हप्ता जून 2022 मध्ये 3,416 रुपये ठरला. तेवढा भरला की काम झाले, पोलिसांनी अडवले तरी कागद दाखवता येतो, असा एक पक्ष आहे.

हा पक्ष विम्याचा हेतूच चुकवतो. सक्तीचा विमा गाडीची धडक बसलेल्या परक्या माणसासाठी आहे. त्याच्या मृत्यूची वा दुखापतीची न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई त्यातून मिळते, मालमत्तेची साडेसात लाखांपर्यंत. ही तरतूद मोलाचीच आहे. पण नामपूरहून सटाण्याला लग्नासाठी निघालेल्या मोटारीत मागे बसलेली आत्या, मामा, शेजारी या विम्याच्या लेखी तृतीय पक्ष नाहीत. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत मोटारीतील प्रवासी येत नाहीत, स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या पॅकेज पॉलिसीत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बालकृष्णन खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे चूक आपल्याच चालकाची असेल, तर भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर, कांद्याच्या पैशावर येतो.

दुसरा आक्षेप अधिक रास्त वाटतो: गाडी जुनी झाली, मग ‘फुल’ म्हणजे पॅकेज विमा कशाला? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता तो खराही आहे. चौथे वर्ष संपून पाचवे चालू असताना विम्यातले गाडीचे घोषित मूल्य नव्या किमतीच्या निम्म्यावर येते. दुरुस्तीत प्लॅस्टिक आणि रबरी भागांची निम्मी किंमतच मिळते. म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भागांची किंमत देणारे जोडसंरक्षण, नव्या गाडीला घ्यावे, जुन्या गाडीला त्याचा आग्रह नको. मात्र गाडीबरोबर आत बसणारी माणसे जुनी होत नाहीत. पॅकेज सोडायचेच, तर प्रवाशांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे जोडावे. ते माणशी दोन लाखांपर्यंतच मिळते, त्यामुळे पॅकेजची जागा ते भरून काढत नाही. मालक-चालकाचे 15 लाखांचे संरक्षण तर टाळूच नये. जुनी गाडी विकत घेतल्यास पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

बाजार समितीकडे कांदा नेणाऱ्या पिकअपचा प्रश्न याहून बिकट आहे. मालासोबत निघालेला मालाचा धनी किंवा त्याचा माणूस कायद्याने सक्तीच्या विम्यात येतो. वाटेत फुकट वा पैसे घेऊन बसवलेले प्रवासी येत नाहीत. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. कितीही मोठा हप्ता भरला, तरी मालवाहू गाडीत भरलेल्या अशा प्रवाशांना त्यातून संरक्षण मिळत नाही. त्यांच्यासाठी प्रवासी परवान्याची गाडीच करावी लागते.